दुसरा अंक लांबला

राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकाचं परीक्षण सकाळी पेपरात येतं तेव्हा ते नाटक संपलेलं असतं. नुसता प्रयोग नव्हे, बहुतेक वेळा नाटकच. सेटच्या चौकटी रात्रीच टेम्पोत चढलेल्या असतात, भाड्याचे दिवे परत गेलेले असतात, उसना आणलेला सोफा ज्याचा त्याच्या घरी पोचलेला असतो. नंबर आला तर अंतिम फेरीत आणखी एक प्रयोग, नाहीतर दोन-तीन महिन्यांच्या तालमींचं फळ म्हणजे तेवढे दोन-अडीच तास. मग परीक्षण वाचून तिकीट कोणी काढायचं? मुंबई-पुण्याला परीक्षणाचा एक व्यवहार असतो. वाचक ते वाचून रविवारच्या दुपारच्या प्रयोगाला जायचं की नाही ते ठरवतो, आणि निर्माता त्यातलं एखादं बरं वाक्य उचलून जाहिरातीत टाकतो. जिल्ह्याच्या गावी हा व्यवहारच नाही. तरीही प्राथमिक फेरी लागली की आमच्याकडच्या पेपरांत रोज एका नाटकाचं परीक्षण येतं, आणि ज्यांनी ते नाटक पाहिलेलं नाही, आता कधी पाहायला मिळणारही नाही, असे लोक ते चवीने वाचतात. मी अशी परीक्षणं बरीच वर्षं लिहितोय. ती नेमकी कोणासाठी, हे एकदा ठरवून टाकावं म्हणून लिहायला बसलो आहे. सरळ जाईन असं वाटत नाही.

सांगलीकडचा माणूस नाटकावर बोलायला उभा राहिला की १८४३ पासून सुरुवात करतो. विष्णुदास भावे, पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय, 'सीता स्वयंवर', झालंच तर हरिपूरचे देवल. दर पाच नोव्हेंबरला रंगभूमी दिन येतो आणि हे सगळं पुन्हा एकदा ऐकावं लागतं. ऐकायला हरकत नाही, पण त्या भाषणांत आजच्या संध्याकाळी पलीकडच्या हॉलमध्ये काय चाललंय याचा उल्लेख क्वचित असतो. आणि तिथे चाललेलं असतं बरंच काही. राज्य स्पर्धा १९५४ पासूनची. रत्नागिरीपासून चंद्रपूरपर्यंत तिची केंद्रं आहेत. शिवाय कामगार कल्याण मंडळाच्या स्पर्धा, एसटी कर्मचाऱ्यांच्या, बँकांच्या, कॉलेजांच्या एकांकिका. एखाद्या हिवाळ्यात ठरवलं तर आठवड्यातल्या बहुतेक संध्याकाळी माणूस नाटकाला जाऊ शकतो, आणि तिथे त्याला तेच तेच साठ-सत्तर प्रेक्षक भेटतात.

यातून काय निघतं, असं विचारणारे असतात. त्यांना सांगायला माझ्याकडे एक उत्तर आहे. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली 'रंगायन'ने पहिल्यांदा केलं ते याच राज्य स्पर्धेत. आणि त्या नाटकात तरी काय आहे? मुंबईची एक हौशी मंडळी रात्रीच्या प्रयोगासाठी एका गावात येते आणि तिथल्या रिकाम्या हॉलमध्ये वेळ काढत बसते. सुरुवातीलाच दाराच्या कडीत त्या मंडळीतल्या बेणारेबाईंचं बोट चेमटतं. गावोगावच्या हॉलमधून जो फिरला आहे त्याला ती कडी ओळखीची वाटते. उत्तर देऊन झालं की मलाच ते पटत नाही. स्पर्धेतून एक 'शांतता' निघालं म्हणून बाकीची हजारो नाटकं पाहायची, हा काही नाटक पाहण्याचा हेतू नव्हे. ती पाहायची ती त्यांच्यासाठीच.

परीक्षण लिहायला वेळ फार थोडा असतो. नाटक दहाला संपतं, पान अकराला सुटतं. मोटारसायकलवरून येताना पहिला परिच्छेद जमला तर जमला. या घाईतून एक ठरीव भाषा तयार झाली आहे. तीन-चतुर्थांश जागा कथानक सांगण्यात जाते आणि उरलेल्या ओळींत नेपथ्य सूचक, प्रकाशयोजना आशयाला पूरक, पार्श्वसंगीत परिणामकारक, रंगभूषा ठीक, असं रेशन दुकानातल्या वाटपासारखं ज्याला त्याला मापात मिळतं. शेवटी सगळ्या नटांची नावं. ही नावं मात्र मी मनापासून लिहितो. पोस्टमनचं दोन वाक्यांचं काम करणाऱ्याचंही नाव आलं पाहिजे, कारण त्याने तीन महिने तालमीला येऊन सतरंजी घातलेली असते. या सगळ्या ठरीव भाषेत सगळ्यात वाईट शेरा कोणता विचाराल तर 'प्रामाणिक प्रयत्न'. तो वाचला की गावातल्या पोरालाही कळतं, नाटक पडलं.

खरी गोष्ट अशी की छोट्या गावात नेपथ्य आणि प्रकाशयोजना यांवर निकाल देण्याआधी हॉलवर निकाल द्यावा लागतो. आमच्याकडच्या एका नाट्यगृहात रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना भिंतीवर मोठे पंखे आहेत. ते चालू ठेवले तर पाचव्या रांगेच्या मागे हळू बोललेलं काही पोचत नाही, बंद केले तर प्रेक्षक पहिल्या अंकातच उठून जातो. गावातल्या नटांना हे ठाऊक असल्यामुळे ते सगळी नाटकं एकाच पट्टीत करतात, मग भूमिका कीर्तनकाराची असो की क्षयाच्या रोग्याची. बाहेरगावच्या संघांची मात्र पंचाईत होते. एका वर्षी अशाच एका संघाचं नाटक होतं, स्वयंपाकघरात घडणारं, सगळं दबक्या आवाजातलं. दुसऱ्या अंकात त्यातल्या बाईचं मोठं स्वगत होतं. ती ओट्यापाशी भांडी पुसत बोलायला लागली आणि मागून खुर्च्यांची करकर सुरू झाली. तिने दोन वाक्यं ऐकली असतील ती करकर. मग हातातलं पातेलं तसंच पुसत पुसत ती चालत डाव्या कोपऱ्यात आली, अगदी पडद्याच्या रेषेपर्यंत, आणि उरलेलं स्वगत तिथे उभं राहून बोलली. त्या दिवशी डावीकडचा पंखा बंद पडलेला होता. पहिल्या अंकात कधीतरी तिच्या ते लक्षात आलं असणार. हे बसवलेलं नव्हतं, कारण दिवा तिच्यामागून धावत आला, आधी नुसता पातेल्यावर पडला आणि मग चाचपडत तिच्या चेहऱ्यावर गेला. हॉल गप्प झाला.

आता याला दिग्दर्शन म्हणायचं की अभिनय? प्रकाशयोजनेत गुण कापायचे का? परीक्षकांनी काय केलं ते त्यांना ठाऊक. माझ्या मते त्या रात्री सगळ्यात महत्त्वाची घडलेली गोष्ट ती होती, आणि ती पेपरात आली नसती तर कुठेच राहिली नसती. कथानक तर छापील संहितेत सापडतं. बंद पंख्याखालचं स्वगत संहितेत नाही, चित्रीकरण होत नसल्यामुळे कुठल्या फितीवर नाही, आणि बहुधा त्या बाईंच्याही बोलण्यात आलं नसेल, कारण त्यांच्या दृष्टीने तो प्रयोगातला घोळ होता.

तेव्हापासून मी निकालाची वाक्यं कमी केली आणि काय घडलं ते जास्त लिहायला लागलो. संपादकांना हे फारसं रुचलं नाही. त्यांच्या मते वाचकाला 'बरं की वाईट' एवढंच हवं असतं.

बरं-वाईट लिहिण्यातही इथे एक वेगळी अडचण आहे. मोठ्या शहरात समीक्षकाला नट भेटतो तो फार तर पुढच्या शुभारंभाच्या प्रयोगाला. माझ्या गावात काल रात्रीचा खलनायक आज सकाळी सहकारी बँकेत माझं पासबुक भरून देतो, नायिका माझ्या भाचीला गणित शिकवते, आणि दिग्दर्शकाच्या किराणा दुकानात माझी उधारी असते. यामुळे परीक्षणं मऊ होतात असा आरोप आहे आणि तो खरा आहे. पण मऊपणा हा सोयीचा असला तरी त्यात आदर नसतो. बिनपगारी रजा टाकून, खिशातले पैसे घालून, घरच्यांचं ऐकून घेऊन ज्याने भूमिका केली त्याला ती कुठे फसली हे बहुधा माहीत असतं. आपण तिथे 'समरसून' लिहिलं की त्याला एवढंच कळतं की या माणसाने पाहिलं नाही. मी एक बंधन पाळतो: जे बँकेच्या काउंटरवर तोंडावर सांगता येणार नाही ते लिहायचं नाही, आणि जे लिहिलं ते काउंटरवर नाकारायचं नाही. यातून काही वेळा पासबुकाला उशीर होतो, एवढंच.

समीक्षक माधव मनोहर यांचं नाव आता नव्या मुलांना सांगावं लागतं. मराठी नाटकामागचं मूळ परदेशी नाटक कोणतं, हे हुडकून काढून छापण्याबद्दल त्यांची ख्याती होती. त्यांच्या समीक्षेचा धाक आमच्याकडे वेगळ्या कारणासाठी लागला असता. आमच्याकडे उचलेगिरी झालीच तर ती इब्सेनपर्यंत जात नाही, चार वर्षांपूर्वी शेजारच्या केंद्रावर दुसरा आलेल्या नाटकापर्यंत जाते.

विनोदी नाटकाचं परीक्षण तर प्रेक्षकांनी आधीच करून ठेवलेलं असतं. लोक हसले हे घडलेलं आहे, त्यावर वाद घालता येत नाही. ते का हसले, यावर मात्र पुष्कळ लिहिता येतं आणि कोणी लिहीत नाही. एका फार्समध्ये घरमालकाचं काम नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातल्या एका गृहस्थांनी केलं होतं. पाहुणा घरात येतो, पाणी मागतो, आणि मालक म्हणतो, "पाणी नाही." लेखकाने हे वाक्य नुसतं पाहुण्याला घालवायला घातलं असणार. आमच्याकडे त्या वाक्यावर अख्खा हॉल फुटला. टाळ्या, शिट्ट्या, मागून कोणीतरी ओरडलं, "वॉर्ड नंबर चार!" गृहस्थ अर्धा मिनिट तसेच उभे राहिले. मग त्यांनी घड्याळ पाहिलं आणि नाटकात नसलेलं एक वाक्य टाकलं, "सहाला या, येईल." नाटक पुढे सरकायला तयारच नव्हतं.

शुद्ध नाट्यसमीक्षेच्या दृष्टीने हा लाफ्टर नाटकाबाहेरचा. मला तसं वाटत नाही. 'विच्छा माझी पुरी करा' हे सबनिसांचं लोकनाट्य दादा कोंडके करत तेव्हा त्या-त्या दिवसाच्या बातम्या त्यात येत, आणि ते पुन्हा पुन्हा पाहायला जाणारे लोक त्यासाठीच जात. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या गावातली नावं गुंफतो, सरपंचाला हळूच टोमणा मारतो, आणि गाव खूश होतं. हसू हे जागेचं असतं. जो विनोद सांगलीत, शिकागोत आणि दादरला सारखाच हसवतो तो मला जरा संशयास्पद वाटतो, पण हे माझं मत, त्याला पुरावा नाही.

जागेचा विनोद जागेबाहेर कसा जातो याचं एक उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८० साली आलं. गावातली मंडळी महाभारतातलं नाटक बसवतायत आणि जे जे फसायचं ते ते फसतंय, सगळं मालवणीत. सुरुवातीला ते चालेना. मग पु. ल. देशपांड्यांनी ते पाहिलं, भरभरून दाद देणारं पत्र लिहिलं, आणि त्यानंतर नाटकाने जो जोर धरला तो मच्छिंद्र कांबळींनी हजारो प्रयोगांपर्यंत नेला. परीक्षण म्हणावं असं ते पत्र नव्हतं. पण एखाद्या जाणत्या माणसाने 'मी हसलो' असं मोकळेपणी सांगण्याची किंमत किती, ते त्यातून कळतं. विनोदी नाटकावर लिहिताना आपले समीक्षक हसल्याचं कबूलच करत नाहीत. 'प्रेक्षकांनी हसून दाद दिली' असं लिहितात, जणू स्वतः त्या वेळी बाहेर चहा पीत होते.

गंमत पाहा, 'शांतता' आणि 'वस्त्रहरण', दोन्ही नाटकं गावच्या हॉलबद्दलची, हौशी मंडळींबद्दलची. एकात त्या मंडळींचा क्रूरपणा दिसतो, दुसऱ्यात भाबडेपणा. मी ज्यांच्याबद्दल लिहितो त्यांच्यात दोन्ही असतं, अनेकदा एकाच तालमीत.

'वस्त्रहरण'चा जो मुलूख, तिथल्या दशावताराला गेलं की परीक्षणाची सगळी चौकट कोसळते. संहिताच नाही. संध्याकाळी आख्यान ठरतं, आणि राजाचं काम करणारा आयत्या वेळी बोलत जातो, समोरचा त्याला तसंच उत्तर देतो. पेटी, मृदंग, झांज, बसायला एक बाकडं, की झालं राजदरबार. आधी आडदशावतारात, म्हणजे पूर्वरंगात, संकासूर येऊन धुमाकूळ घालतो. आता इथे नेपथ्य सूचक लिहायचं का? खरी समीक्षा तिथे सकाळी चहाच्या टपरीवर होते. अमक्या मंडळाचा हिरण्यकश्यपू गेल्या वर्षी तमक्या देवळात शेवटच्या युद्धाला कसा घसरला आणि काल कसा उभा राहिला, हे तिथला माणूस तपशिलाने सांगतो. त्याने तोच प्रसंग वर्षानुवर्षं वेगवेगळ्या नटांकडून पाहिलेला असतो. नाटक एकदाच पाहून मत देणाऱ्या माझ्यासारख्याने तिथे चहाचे पैसे द्यावेत आणि ऐकावं.

झाडीपट्टीबद्दल मात्र मला राग आहे, तो तिथल्या रंगभूमीवर नव्हे, तिच्यावर लिहिणाऱ्यांवर. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत नाटकं होतात, रात्री दहाला सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतात, वडशाला कंपन्यांची कार्यालयं आहेत, बैलांचा शंकरपट असला की गाव माणसांनी भरून जातं. पश्चिम महाराष्ट्रातला पत्रकार तिथे जातो आणि परत येऊन काय लिहितो? उलाढाल किती कोटींची. २०२३ साली तिथले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हाही लेख आले ते सन्मानाचे आणि आकड्यांचे. नट पहाटे चारला, थंडीत, हजारो लोकांना जागं कसं ठेवतो, गाणं कुठे पेरतो, रडवून झाल्यावर विनोदी पात्र किती वेळाने आत आणतो, हे कोणी लिहायचं? ते शिकण्यासारखं तंत्र आहे. आमचा स्पर्धेतला नट साडेनवाला प्रेक्षक टिकवू शकत नाही.

हल्ली शहरांतल्या कॅफेत मराठी स्टँडअप होतं. वीस-तीस खुर्च्या, एक माईक, मागे कॉफीच्या यंत्राची फुसफुस नेमकी पंचच्या वेळी. 'भाडिपा' या यूट्यूब चॅनेलच्या पिढीने हा प्रेक्षक तयार केला. यावर लिहा असं मला एक-दोनदा सांगण्यात आलं. ओपन माईकवर लिहायला मी नकार दिला, आणि अजूनही देतो. तिथे मुलं पाच-पाच मिनिटांचं नवं मटेरियल तपासून पाहतात, पडण्यासाठीच येतात म्हटलं तरी चालेल. तालमीवर परीक्षण लिहीत नाहीत. तिकीट लावलेल्या कार्यक्रमावर लिहावं, म्हणून एका मुलीच्या कार्यक्रमावर लिहायला बसलो, पण तिथे दुसरीच अडचण. विनोद छापला की तो त्या मुलीचा राहिला नाही, पुढच्या गावात लोक तो वाचून येणार. न छापावा तर लिहायचं काय? मी तिच्या थांबण्यावर लिहिलं. वडिलांवरचा एक किस्सा सांगताना ती शेवटच्या शब्दाआधी पाण्याची बाटली उघडायची, प्यायची नाही, झाकण पुन्हा लावायची, आणि मग तो शब्द बोलायची. तेवढ्या वेळात लोकांनी शब्द ओळखलेला असायचा आणि ते स्वतःच्याच हुशारीला हसायचे. किस्सा काय होता ते इथेही सांगत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. आठ तारखेची रात्र, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. शाहू महाराजांच्या काळात १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलेलं ते घर. आग पाहून माणसं रस्त्यावर रडत होती. पुढे काही दिवस जो-तो आठवणी सांगत होता: इथे अमका नट कसा बोलला, तमक्या पदाला किती वन्समोअर आले. बड्या नटांच्या आठवणींना तोटा नव्हता. पण त्याच रंगमंचावर किती तरी हौशी संघांनी आपला एकुलता एक प्रयोग केलेला असणार. त्यांचं काय उरलं? कोणाच्या घरी पेपरचं पिवळं कात्रण, त्यात चार इंच मजकूर, आणि त्या चार इंचांत कोणीतरी अकराच्या ठोक्याला लिहिलेलं 'प्रकाशयोजना आशयाला पूरक'. हे कात्रण हाताशी धरून त्या रात्रीचं काही म्हणता काही उभं करता येत नाही. माझा राग त्या भाषेवर आहे तो एवढ्यासाठी. तिने कोणाला दुखावलं नाही, आणि कोणाला ठेवलंही नाही.

आता पेपरांनी जागा कमी केली. अडीचशे शब्द, फोटोसकट. बाकी परीक्षण व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर होतं, तिथे सगळ्यांना सारखेच अंगठे आणि पुष्पगुच्छ. तरी छापलेलं वाचणारे आहेत. परवा सकाळच्या एसटीने कवठेमहांकाळला निघालो होतो. मिरज सुटल्यावर कंडक्टर तिकिटं देत देत माझ्यापाशी आले. आदल्या आठवड्यातल्या नाटकात बापाचं काम त्यांनी केलं होतं.

"सर, दुसरा अंक लई लांबला म्हणून लिवलायसा."

"लांबला खरा."

"नेमका कुठं?"

"पत्र वाचायच्या जागी. तुम्ही एकदा वाचता, मग पुन्हा वाचता, मग खिडकीपाशी जाऊन आणि एकदा वाचता."

"तिथं आत बाईला साडी बदलायची असतीय." त्यांनी माझं तिकीट फाडून दिलं. "तालमीत तीन मिनिटं धरलेली. त्या दिवशी तिला पाच लागली. मी बाहेर काय करू? गाव बघतंय माझ्याकडं."

"मग साडी बदलूच नका. असं पत्र आल्यावर घरात कोण नटून बसतंय?"

ते मागच्या सीटांवर जाऊन दोन अर्धी तिकिटं देऊन परत आले. यात्रेत पुन्हा प्रयोग लावायचं चाललंय म्हणाले, म्हणून विचारतोय.

"साडीचं बोललो मी तिला. ऐकायची न्हाई. पैठणी हाय तिच्या घरची."

"मग?"

त्यांनी दोरी ओढून घंटी दिली. "मग लेखकाला म्हणावं, आनि एक पत्र लिवून दे. पैलं समद्यांचं पाठ झालंय."